आजी-आजोबांचा जोडफोटो: एकाच कामातून फोटो एडिटिंग शिकण्याची पद्धत

मराठवाड्यात तालुक्याच्या गावच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत हे काम हमखास येतं. आजोबांचा एकच फोटो शिल्लक आहे, तोही बँकेच्या पासबुकावरचा, कोपऱ्यावर जांभळा शिक्का बसलेला. आजी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभी आहे. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही. घरच्यांना दोघं शेजारी बसलेली हवी आहेत, बारा बाय पंधराच्या फ्रेममध्ये.

एडिटिंग शिकायला याहून चांगलं काम नाही. स्कॅनिंग, मास्क (नको तो भाग झाकणं), कर्व्ह (उजेड-गडदपणा बदलणारी रेषा), रंग, सावली, दाणा (फोटोतला बारीक खरखरीत पोत), प्रिंट असं सगळं यात एकदा तरी करावंच लागतं. आणि तपासायला घरची माणसं असतात. त्यांना लेयर (एकावर एक ठेवलेले थर) नि मास्क काही कळत नसलं तरी "हे आमचे आबा नाहीत" एवढं एका नजरेत कळतं. म्हणून या कामाचा पहिला नियम असा: चेहऱ्याभोवतीचं सगळं बदला, चेहरा बदलू नका. दुसरा नियम: जोडफोटो कडा कापताना फारसा बिघडत नाही, तो बिघडतो दोन फोटोंतला उजेड जुळला नाही म्हणून. नवशिका तीन तास केस कापत बसतो आणि एका चेहऱ्यावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

सॉफ्टवेअरचा बाऊ नको. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी फुकट आहे, त्याची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे आणि पीएसडी (फोटोशॉपची लेयरसहित) फाइलही त्यात उघडते. गिंप हे फुकट सॉफ्टवेअरही चालतं. मोबाईलवर मात्र हे काम शिकू नका. बोटाखाली नेमकी तीच कड झाकली जाते जी बघायची असते.

फोटो निवडताना

घरात जेवढे फोटो असतील तेवढे मागवा: पासबुक, मतदार ओळखपत्र, शेताच्या कागदांसोबत ठेवलेले पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम. मग प्रत्येक चेहऱ्यावर चार गोष्टी बघा. नाकाची सावली कुठल्या गालावर पडते? डोळ्यांतला उजेडाचा ठिपका घड्याळातल्या किती वाजण्याच्या जागी आहे? हनुवटीखालची सावली गडद आहे की फिकी, तिची कड तीक्ष्ण आहे की विरघळलेली? आणि कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर होता की वरून? या चारांत दोन्ही चेहरे जवळपास सारखे असतील तर निम्मं काम झालं. लग्नातल्या फोटोत थेट फ्लॅश असतो, चेहरा सपाट दिसतो. त्याच्याशी स्टुडिओतला समोरून उजेड दिलेला पासपोर्ट फोटो जुळतो, दारातल्या तिरप्या उन्हातला जुळत नाही.

उजेड उलट बाजूंनी असला की चेहरा आडवा उलटवायचा मोह होतो. उलटवण्याआधी बघा: आजीची नथ किंवा चमकी उजव्या नाकपुडीत जाते, पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, आजोबांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे येतो, भांग आणि तीळ बाजू बदलतात. शिवाय कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. उलटवलेला चेहरा घरच्यांना कुठेतरी खटकतो, काय खटकतं ते सांगता येत नाही. म्हणून चेहरा उलटवू नकाच.

वयाचं आधीच बोलून घ्या. आजोबा चाळिशीत गेले आणि आजीचा फोटो पंचाहत्तरीतला असेल, तर शेजारी ठेवल्यावर माय-लेक दिसतात. आजीचा जुना फोटो मिळतो का ते बघा. कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या यांचंही असंच. काही घरांत आजी सवाशीण दिसावी अशी इच्छा असते, काहींना ती शेवटी जशी होती तशीच हवी असते. हे ठरवणं एडिट करणाऱ्याचं काम नाही, विचारून घ्यायचं.

स्कॅन

स्कॅनरची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पासबुकाला डिंकाने चिकटवलेला फोटो उपटू नका, अख्खं पान काचेवर ठेवा. सॉफ्टवेअरमधले आपोआप रंग सुधारणारे, धूळ काढणारे, शार्प करणारे पर्याय बंद करा. पासपोर्ट फोटोसाठी १२०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके), मोठ्या आकाराच्या जुन्या फोटोसाठी ६०० पुरेसे. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो १२०० ला स्कॅन केला की सुमारे १६५० बाय २१२५ पिक्सेल मिळतात. फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) ठेवा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण शिक्का आणि डाग काढायला रंगांचे चॅनल (फोटोतले लाल, हिरवा, निळा असे वेगळे भाग) लागतात.

जांभळ्या किंवा निळ्या शाईचा शिक्का निळ्या चॅनलमध्ये सगळ्यांत फिका दिसतो, कारण ती शाई निळा उजेड परत पाठवते. काळ्या-पांढऱ्या फोटोत शिक्क्याखालच्या जागेपुरता निळा चॅनल वापरा, कर्व्हने त्याची छटा आजूबाजूशी जुळवा, मग उरलेल्या रेषा हीलिंग ब्रशने (डाग आजूबाजूच्या पोताने भरणारा ब्रश) काढा. पिवळे-तपकिरी डाग याच्या उलट: ते निळ्या चॅनलमध्ये ठळक आणि लाल चॅनलमध्ये फिके असतात. शिक्का आणि पिवळेपणा दोन्ही असतील तर जागेजागेने दोन चॅनल मास्क लावून वापरावे लागतात. थेट क्लोन करत (शेजारचा तुकडा उचलून चिकटवत) सुटलात तर शिक्क्यासोबत गालावरची सुरकुतीही जाते.

पृष्ठभागावर बारीक जाळी असलेले जुने प्रिंट स्कॅनरवर चमचम ठिपके देतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन संगणकात सरळ करून पहिल्यावर ठेवा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करा. दोन्ही वेळा जाळीची सावली उलट बाजूला पडलेली असल्यामुळे ती बरीचशी पुसली जाते. आधी दोन्ही लेयर नीट जुळवा, डोळ्यांच्या बुबुळांवर जुळले म्हणजे झालं.

माप

१२ बाय १५ इंच, ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) म्हणजे ३६०० बाय ४५०० पिक्सेल. कंबरेपासून वर दोघं शेजारी बसली की या फ्रेममध्ये माणसं साधारण खऱ्या मापाच्या एक-तृतीयांश आकाराची येतात. म्हणजे डोकं, हनुवटीपासून टाळूपर्यंत, सुमारे ९०० पिक्सेल. ग्रुप फोटोत आजीचं डोकं चारच मिलिमीटरचं असेल तर १२०० डीपीआयलाही १९० पिक्सेलच मिळतात. तेवढं ओढून ९०० केलं की चेहरा मेणासारखा दिसतो. अशा वेळी आठ बाय दहाची फ्रेम घ्यायला सांगा. लहान पण ओळखू येणारा चेहरा मोठ्या पुसट चेहऱ्यापेक्षा कधीही बरा.

दोन डोकी एकमेकांच्या मापात आणायला डोक्याची उंची मोजू नका, टोपी, फेटा आणि डोक्यावरचा पदर त्यात घोळ घालतात. बुबुळांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं, बायकांत किंचित कमी. एक-तृतीयांश आकारात ते सुमारे २५० पिक्सेल येतं. आजोबांना २५० आणि आजीला २४० ठेवा. हे फक्त समोर बघणाऱ्या चेहऱ्याला लागू आहे. मान वळलेली असेल तर हे अंतर कमी दिसतं, तिथे भुवईपासून हनुवटीपर्यंतचं अंतर धरा. बसलेल्या जोडीत आजोबांचे डोळे चार-सहा सेंटिमीटर वर ठेवले की स्वाभाविक वाटतं, फाइलमध्ये ते १६० ते २४० पिक्सेल होतात.

मोठं-लहान करण्याआधी प्रत्येक चेहऱ्याचा लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ पिक्सेल जपून ठेवणारा लेयर) करून घ्या. साध्या लेयरवर कंट्रोल+टी (मोठं-लहान करायची आज्ञा) पाच वेळा केलं की पाचही वेळा पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि चेहरा पुसट होत जातो.

शरीर कुठून आणायचं

पासपोर्ट फोटोत खांद्याखाली काहीच नसतं. इंटरनेटवरचं अनोळखी शरीर चिकटवू नका. घरातलाच त्याच अंगलटीचा माणूस बसवा: काकांना धोतर-सदरा, आत्याला आजीचंच इरकली लुगडं. ते लुगडं बहुतेक घरांत ट्रंकेत जपून ठेवलेलं असतंच.

ओसरीत किंवा उत्तरेकडच्या दारासमोर, थेट ऊन नसलेल्या जागी खुर्ची ठेवा. चेहऱ्यावरचा उजेड समोरून असेल तर माणसाला दाराकडे तोंड करून बसवा, तिरपा असेल तर खुर्ची तेवढीच फिरवा. उन्हाळ्यात दुपारी अंगणातल्या पांढऱ्या फरशीवरून खालून उजेड येतो आणि हनुवटीखालची सावलीच नाहीशी होते, म्हणून फरशीवर गडद सतरंजी टाका. मोबाईल दोन-अडीच मीटरवर, दुप्पट झूमवर, छाती-हनुवटीच्या उंचीला. जवळून काढलेल्या फोटोत हात-गुडघे मोठे आणि खांदे अरुंद दिसतात, त्यावर स्टुडिओतला चेहरा बसत नाही. बसणाऱ्याला खांदे सैल सोडायला सांगा, तरुण माणसाचे ताठ खांदे म्हाताऱ्या चेहऱ्याखाली लगेच कळतात. मान किंचित पुढे असलेला एक फोटोही घ्या.

मास्क आणि मानेचा जोड

इरेजर वापरायचाच नाही, मास्क लावायचा. काळ्या ब्रशने लपवायचं, पांढऱ्याने परत आणायचं, एक्स दाबून रंगांची अदलाबदल. टोपी, सदऱ्याची कॉलर, खांदा अशा कडक कडा पेन टूलने घ्या आणि अर्धा ते एक पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा) द्या. पिकलेले केस आणि मिशा मऊ ब्रशने. कडेला जुन्या पार्श्वभूमीची पांढरी किंवा निळी रेघ राहिली तर मास्क एक-दोन पिक्सेल आत ढकला. तरीही राहिली तर वर क्लिप केलेला (फक्त खालच्या लेयरपुरता लागू होणारा) लेयर घ्या, मोड (लेयर खालच्यात मिसळायची पद्धत) कलर ठेवा आणि शेजारच्या केसांचा रंग उचलून फक्त कडेवर फिरवा. सुटे केस एकेक कापत बसण्यापेक्षा ते मास्कने झाकून नंतर दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने पाच-दहा केस नव्याने काढणं सोपं आणि स्वच्छ होतं.

खरी परीक्षा मानेची. नवशिके चेहरा जबड्याच्या रेषेवर कापतात आणि खाली दुसऱ्याची मान ठेवतात. जबड्याखालची सावली त्या चेहऱ्याची स्वतःची असते, ती तुटली की मुखवटा लावल्यासारखा दिसतो. चेहऱ्यासोबत त्याच फोटोतली जेवढी मान मिळेल तेवढी घ्या आणि जोड कॉलरच्या आत, पदराच्या काठाखाली किंवा पोतीच्या मण्यांखाली लपवा. म्हणजे लेयरचा क्रम असा: सगळ्यांत खाली शरीर, वर चेहरा-मान, आणि त्याहून वर शरीराच्या फोटोतूनच कापलेली कॉलर किंवा पदराचा काठ. हा तिसरा लेयर बहुतेक जण करत नाहीत, आणि जोड तिथेच उघडा पडतो. कॉलरच्या आत मल्टिप्लाय (खालचा भाग गडद करणाऱ्या) मोडवर बारीक सावली द्या. तिचा रंग त्वचेच्या गडद भागातून उचलायचा, शुद्ध काळा नको.

आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असेल तर ते नीट ओळखा. पुसट स्कॅनमध्ये ते डागासारखं दिसतं आणि हीलिंग ब्रशच्या एका फटक्यात जातं. फोटो घरी गेल्यावर पहिली तक्रार त्याचीच येते.

आधी छटा, मग रंग

सगळ्यांत वर काळा-पांढरा ॲडजस्टमेंट लेयर (खालचा फोटो न बदलता वरून परिणाम देणारा) टाका आणि रंग विसरा. आता दोन्ही चेहऱ्यांतला सगळ्यांत गडद भाग (नाकपुड्या, बुबुळं) आणि सगळ्यांत उजळ भाग (कपाळ, नाकाचा शेंडा) बघा. जुन्या प्रिंटमधला काळा रंग विटून करडा झालेला असतो, शरीराच्या ताज्या फोटोत तो खरा काळा असतो. प्रत्येक भागाला क्लिप केलेला वेगळा कर्व्ह लावून आधी काळ्याची टोकं जुळवा, मग उजळ टोकं, शेवटी मधला भाग. बहुतेक वेळा जुन्या चेहऱ्याचा काळा गडद करण्यापेक्षा नव्या शरीराचा काळा थोडा उचलणं बरं पडतं. चेहऱ्यावर ताण दिला की दाणे वर येतात.

मग वरचा लेयर बंद करून रंगाकडे या. जुन्या रंगीत प्रिंटमधला सायन रंग आधी विटतो, म्हणून चेहरे लालसर होतात. लेव्हल्समध्ये (गडद-उजळ टोकं सरकवायची सोय) लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळा ओढा. आयड्रॉपर (रंग मोजणारं टूल) गालावर ठेवून आकडे वाचायची सवय लावा: आपल्याकडच्या त्वचेत लाल सगळ्यांत जास्त, मग हिरवा, मग निळा. निळा हिरव्याच्या बरोबरीला आला की चेहरा गुलाबी-जांभळट दिसतो. आणि गोरं करू नका. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाचा सावळा रंग ही त्याची ओळख आहे. ती पुसून दिलेला फोटो कुणाचाच राहत नाही.

एक चेहरा काळा-पांढरा असेल तर शिकण्याच्या पहिल्या कामात सगळाच फोटो काळा-पांढरा करा आणि हलकी उबदार छटा द्या. रंग भरायचा असेल तर कलर मोडच्या लेयरवर भरा, पण सगळीकडे एकच रंग फासू नका: कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान लालसर, दाढीची जागा किंचित थंड.

सावली, पार्श्वभूमी, दाणा

दोघांच्या खांद्यांमध्ये सावली नसेल तर दोघं दोन कागदांवर छापल्यासारखी दिसतात. पुढच्या माणसाच्या मागे, मागच्या माणसाच्या खांद्यावर मल्टिप्लाय लेयर घ्या, सावलीचा आकार रंगवा, २० ते ४० पिक्सेल गॉशियन ब्लर (कड पुसट करणारा फिल्टर), ओपॅसिटी ३०-३५ टक्के. जिथे कापड कापडाला टेकतं तिथे आणखी एक अरुंद, गडद रेघ, ५ पिक्सेल ब्लरची. चेहऱ्यांचा उभार थोडा कमी-जास्त असेल तर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर सॉफ्ट लाइट मोडवर घेऊन ५-८ टक्के ओपॅसिटीच्या ब्रशने काळा-पांढरा फिरवा, काळ्याने भाग गडद होतो, पांढऱ्याने उजळ. डोळ्यांना हात लावू नका.

पार्श्वभूमीला बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला, बर्फाचे डोंगर अशा मागण्या येतात. मकबरा चालतो, पण तो उन्हातला आणि चेहरे स्टुडिओच्या उजेडातले, हा पेच सोडवणं पहिल्या कामात जमत नाही. मातकट करडा किंवा वाड्याच्या चुना लावलेल्या भिंतीचा पुसट केलेला फोटो घ्या. उजेड ज्या बाजूने येतो, पार्श्वभूमी त्या बाजूला किंचित उजळ ठेवा.

आता सगळ्यांचा पोत एक करायचा. नव्या फोटोतलं लुगडं धागा न् धागा दाखवतं आणि वरचा चेहरा पुसट असतो. चेहरा शार्प करून हे जुळत नाही, शरीरच ०.७ ते १.५ पिक्सेल ब्लर करावं लागतं. मग सगळ्यांच्या वर ५० टक्के करड्याचा ओव्हरले लेयर घेऊन त्यात एकरंगी नॉइज घाला, २ ते ४ टक्के. हा दाणा सगळ्या तुकड्यांवरून एकसारखा गेला की डोळा त्यांना एकच फोटो समजतो, शिवाय सपाट पार्श्वभूमीवर छापताना पट्टे पडत नाहीत.

एआयने चेहरा स्वच्छ करणारी साधनं आता सगळीकडे आहेत. ती पुसट चेहऱ्यावरचा तपशील शोधत नाहीत, नवा तयार करतात: पापण्या भरतात, दात सरळ करतात, डोळ्याचा आकार बदलतात. पार्श्वभूमी आणि कपड्यांसाठी खुशाल वापरा. चेहऱ्यावर वापरलंच तर वेगळ्या लेयरवर, ३० टक्क्यांपर्यंत, आणि डोळे-ओठ मास्कने वगळून.

तपासणी आणि प्रिंट

काम झालं की फाइल आडवी उलटवून बघा, मग फार लहान करून बघा. तिरपी मान, मोठं डोकं, चुकलेली सावली या दोन्हींत लगेच दिसते. त्यानंतर रात्र जाऊ द्या आणि घरच्यांपैकी एकाला न सांगता दाखवा. त्याने पहिलं बोट कुठे ठेवलं ते लक्षात घ्या.

लॅबला फाइल एसआरजीबीमध्ये (रंगांची प्रमाणित पद्धत), जेपीईजी, सर्वांत वरच्या दर्जाची द्या. संगणकाचा पडदा पूर्ण उजळ ठेवून काम केलं असेल तर प्रिंट हमखास गडद येते. म्हणून फाइलमधून दोघांच्या माना येतील असा १२०० बाय १८०० पिक्सेलचा तुकडा कापून आधी चार बाय सहाची प्रिंट काढा, मोठ्या प्रिंटमध्ये तो भाग त्याच मापात दिसणार आहे. ती खोलीतल्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली धरून नको. गडद वाटली तर कर्व्हचा मधला बिंदू १०-१५ ने वर घ्या. फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर लागणार असेल तर मॅट कागद सांगा, चकचकीत कागदात दार दिसतं आणि आजी-आजोबा दिसत नाहीत.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते. लेयरसहित पीएसडी आणि मूळ स्कॅन दोन ठिकाणी जपा, फोटोपीत केलं असेल तर पीएसडी आठवणीने हार्डडिस्कवर सेव्ह करा. कुंकू, पार्श्वभूमी आणि सावली वेगवेगळ्या लेयरवर ठेवा, कारण फ्रेम भिंतीवर लागल्यावर आत्या येतात, "कुंकू आडवं होतं" असं सांगतात, आणि मग तेवढंच बदलून दुसरी प्रिंट काढता आली पाहिजे.